आकडे मनानेच लिहिते, नळीत पाणी ओततो: मुलांना मोजायला शिकवायचं तरी कसं?

एका आईचं पत्र आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. मुलीच्या शाळेत सध्या हवामान आणि मोजमाप हा विषय चालू आहे म्हणून यांनी हौसेने एक किट मागवलं. त्यात थर्मामीटर, पाऊस मोजायची नळी, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि भिंतीवर लावायचा एक तक्ता, त्यावर रोज ऊन, ढग किंवा पाऊस यातलं एक चित्र चिकटवायचं आणि शेजारी तापमानाचा आकडा लिहायचा. सुरुवातीला दोघंही खूश, मग "आज लिहिलंस का?" म्हणून मागे लागावं लागायला लागलं, आणि मग लक्षात आलं की मुलगी थर्मामीटरकडे बघतच नाहीये, बसल्या जागी 30, 31, 30, 29 असं लिहून मोकळी होतेय. त्याच सुमारास मुलाने कोरड्या नळीत मगाने पाणी ओतलं आणि "बघ किती पाऊस पडला" म्हणून आईला हाक मारली. आई चिडली, दोघांना ओरडली, आणि आता तिलाच वाईट वाटतंय. त्यात नवरा म्हणतो फोनवर सगळं दिसतं, कशाला हा खटाटोप, आणि नात्यातला याच वयाचा एक मुलगा सेंटीमीटरचे मिलिमीटर तोंडी करून दाखवतो. त्यांचे प्रश्न असे: मुलं खोटं बोलायला शिकतायत का? एककं डोक्यात पक्की कशी बसवायची? आणि माझंच सायन्स कच्चं आहे, मुलांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर?

ताई, आधी त्या खोट्या आकड्यांकडे जरा नीट बघूया, कारण मला ते पत्रातले सगळ्यात इंटरेस्टिंग वाटले. तुमच्या मुलीने 30, 31, 30, 29 लिहिलं. तिने 5 नाही लिहिलं, 300 नाही लिहिलं, 30 नंतर एकदम 12 पण नाही लिहिलं. म्हणजे हवेचं तापमान साधारण कुठल्या आकड्यांमध्ये फिरतं आणि ते आजचं उद्या फार उड्या मारत नाही, एवढं त्या पोरीला कोणी न शिकवता कळलंय! याला अंदाज म्हणतात आणि मोजमाप शिकण्यात अर्धा भाग हाच असतो. आणि धाकट्याचं म्हणाल तर त्याच्या समोर रेषा आखलेली एक नळी होती, त्या रेषांवर पाणी चढतं असं त्याला सांगितलं होतं, आणि पाणी काही येत नव्हतं. त्याने आणून ओतलं. चार वर्षांच्या माणसाने दुसरं काय करायला हवं होतं? त्यानेच तर नळी चालते का ते तपासून बघितलं, आणि ती चालते हे तुम्हाला दाखवायला बोलावलं पण.

तेव्हा खोटेपणाची काळजी सोडा. ओरडलात त्याचं फार मनाला लावून घेऊ नका, मुलं विसरली असतील. मला खटकलं ते वेगळंच, की त्या घरात त्या आकड्याची कोणालाच गरज नव्हती. तापमान 30 आहे की 31 यावर कोणाचं काहीही अडलेलं नव्हतं, अडलेलं होतं ते फक्त तक्त्यातल्या रिकाम्या चौकोनाचं, आणि रिकामा चौकोन भरायचा असेल तर अंगणात कशाला जायचं, कुठलाही शहाणा माणूस बसूनच भरेल.

तुम्ही पत्रात धरून चाललाय की मोजणं शिकवायचं म्हणजे आधी साधन द्यायचं, मग एकक शिकवायचं, मग आकडा लिहायचा. मला हा क्रमच उलटा वाटतो. माणसं मोजायला लागतात ती वाद झाला की. तुझं मोठं की माझं मोठं, काल जास्त पडला की आज, हे पाणी गरम आहे की नाहीये. डोळ्याने आणि हाताने वाद मिटत नाही तेव्हा पट्टी शोधली जाते. मुलांच्या हातात साधन द्यायच्या आधी तो वाद होऊ द्या, जमलं तर मुद्दाम लावून द्या.

कसा, ते सांगते. तीन पसरट भांडी घ्या. एकात थंड पाणी, एकात हाताला सोसेल इतकंच कोमट-गरम, आणि मधल्यात साधं. मुलीला एक हात थंड पाण्यात, दुसरा गरम पाण्यात असा मिनिटभर ठेवायला सांगा, मिनिट मोजायचं काम धाकट्याला द्या, तो चुकीचं मोजेल, मोजू दे. मग दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यात. आणि आता तिच्या चेहऱ्याकडे बघा, कारण एक हात सांगतोय पाणी गरम आहे आणि दुसरा सांगतोय गार आहे, पाणी मात्र तेच, भांडं तेच. बहुतेक मुलं हात बाहेर काढून हातांकडेच बघतात, काहीतरी बिघडल्यासारखं. तिथे लगेच समजवायला जाऊ नका. विचारा, कुठला हात खरं बोलतोय? होऊ दे थोडा गोंधळ. आणि मग, अगदी सहज, ते किटमधलं थर्मामीटर मधल्या भांड्यात सोडा (पाण्यात चालणारं असेल तरच, नाहीतर वेगळं घ्या). आता त्या काचेच्या नळीला काहीतरी काम मिळालं, दोन हातांच्या भांडणात तिसरा पंच. इथून पुढे "थर्मामीटर कशाला?" हे तिला कोणी सांगायची गरज नाही.

असंच एक धातूच्या चमच्याचं आणि लाकडी चमच्याचं करता येतं. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत पडलेले, सकाळी गालाला लावून बघा, धातूचा गार लागतो. मुलं पैजेवर सांगतात की तो जास्त थंड आहे. तापमान दोघांचं सारखंच असतं, धातू गालाची उष्णता भराभर खेचून घेतो म्हणून गार लागतो. हे कारण सहा वर्षांच्या मुलीला आत्ता कळलं नाही तरी चालेल, आपली कातडी थर्मामीटर नाहीये एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आता वयाचं. तुमची दोन मुलं एकाच किटसमोर बसवली जातायत पण त्या दोघांच्या डोक्यात चालणारं गणित एक नाही. उंच अरुंद ग्लासातलं पाणी बुटक्या रुंद वाटीत ओतलं की पाणी कमी झालं असं चार वर्षांचं मूल मनापासून म्हणतं, सहाव्या वर्षी पण बरीच मुलं म्हणतात. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे प्रयोग केले आणि त्याला दिसलं की साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मुलांना हे आपोआप कळायला लागतं, कोणाला थोडं आधी, कोणाला थोडं नंतर. त्यामुळे धाकट्याला "अरे, सारखंच आहे" असं पटवून देण्यात शक्ती घालवू नका. तो हो म्हणेल, तुम्ही खूश व्हाल, आणि पुढच्या वेळी तो परत उंच ग्लासच मागेल. त्याला फक्त ओतू द्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे, फरशी ओली होईल तेवढं सोसा. तुमच्या किटच्या नळीपेक्षा या ओतण्यात तो जास्त शिकतोय. (टब किंवा बादलीत पाणी असेल तर मात्र तिथून हलू नका, एवढ्याशा मुलांना थोडंसं पाणीही धोक्याचं असतं.)

मोठीला मात्र आता एक मस्त कोडं घालता येईल. पाऊस यायच्या आधी एक अरुंद सरळ बाजूंचा डबा आणि एक रुंद सरळ बाजूंचा ट्रे शेजारी शेजारी उघड्यावर ठेवा. कशात पाणी जास्त उंच चढेल? ती बहुतेक म्हणेल रुंद ट्रेमध्ये, कारण त्याच्यात जास्त थेंब पडतात. किंवा म्हणेल डब्यात, कारण तो अरुंद आहे, पटकन भरेल. पाऊस थांबल्यावर पट्टी घेऊन जा, दोन्हीकडे उंची जवळपास सारखी असते. ट्रेमध्ये थेंब जास्त पडले पण ते पसरायला जागाही तेवढीच जास्त होती. पाऊस लिटरमध्ये न मोजता मिलिमीटरमध्ये का मोजतात याचं उत्तर हेच, भांड्याचं तोंड केवढं आहे त्याने फरक पडत नाही, फक्त बाजू सरळ हव्यात. बादलीत मोजलं तर फसगत होते, तोंड रुंद आणि बूड अरुंद असल्याने पाणी जास्त उंच दिसतं. हे पण करून बघा, बादली कशी बनवाबनवी करते ते मुलांना फार आवडतं. आणि तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर बरोबर एक लिटर पाणी. "आज 20 मिलिमीटर पडला" याचा अर्थ गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर 20 लिटर पडलं. पाण्याच्या बाटल्या डोळ्यांसमोर आणून बघा, आकडा एकदम वजनदार होतो.

पाऊस मोजायचं साधन मुळात किती साधं आहे हे कळलं तर तुमची त्या किटबद्दलची भीड पण जाईल. कोरियात सेजोंग राजाच्या काळात, 1441 मध्ये, पाऊस मोजायचं भांडं तयार झालं. त्याआधी पावसानंतर जमीन खणून ओल किती खोल गेलीय ते बघायचे, पण जमीन आधी कोरडी होती की ओली, यावर ते बदलायचं, भरवसा ठेवता येईना. मग राजपुत्राने धातूचं भांडं करून त्यात साठलेलं पाणी मोजायला सुरुवात केली, आणि पुढे तशीच भांडी ठिकठिकाणी पाठवून नोंदी मागवल्या गेल्या. सरळ बाजूंचं भांडं आणि पट्टी, बास. आणि बघा, तिथेही आधी अडचण आली, भांडं नंतर आलं.

तुमच्या घरी प्लास्टिकची सरळ अंगाची बाटली असेल. तिचा वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून फनेलसारखा तिच्यातच बसवा, त्याने आतलं पाणी उन्हाने कमी उडतं आणि शिंतोडे बाहेर जात नाहीत. कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा नाहीतर बोट कापेल. अशा बाटल्यांचं बूड वेडंवाकडं असतं, म्हणून तळाशी खडे टाकायचे, सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे रेघ मारायची. ती रेघ म्हणजे शून्य. पाऊस मोजून झाला की पाणी त्या रेघेपर्यंतच ओतून काढायचं, सगळं नाही. ठेवायची उघड्यावर, झाडाखाली नको, पागोळ्या पडतात तिथे तर अजिबातच नको, आणि भिंत असेल तर भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. एवढी जागा नसेल तर जिथे जमेल तिथे ठेवा, फक्त रोज तिथेच ठेवा, म्हणजे काल आणि आज यांची तुलना तरी होईल.

आणि आता नोंद. भिंतीवरचा तक्ता काही दिवस काढून ठेवा. त्याऐवजी कागदाच्या अरुंद लांब पट्ट्या कापून ठेवा. पाऊस झाला की धाकट्याने पट्टी बाटलीला उभी लावायची, खालचं टोक शून्याच्या रेघेवर, आणि पाणी जिथपर्यंत आहे तिथे बोट धरायचं. मोठीने तिथे कापायचं. ती पट्टी मोठ्या कागदावर खालच्या एका रेघेवर उभी चिकटवायची, दुसऱ्या दिवशीची तिच्या शेजारी. पाऊस नाही पडला तर जागा सोडायची, पण सोडायची नक्की, कारण काहीच पडलं नाही ही पण नोंदच आहे. आठवड्याभरात तुमच्या भिंतीवर एक आलेख उभा असेल ज्यात एकही आकडा नाही, आणि चार वर्षांचा मुलगा त्याच्याकडे बोट दाखवून सांगेल की या दिवशी सगळ्यात जास्त पडला. त्याने तो वाचला की! मोठी लवकरच विचारेल की ही पट्टी त्या पट्टीपेक्षा किती मोठी आहे, आणि "किती" हा शब्द तिच्या तोंडून आला की फूटपट्टी काढा. त्याआधी नको.

फूटपट्टी काढल्यावर दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. मुलं 1 च्या आकड्यापासून मोजायला सुरुवात करतात, कारण मोजणी एकपासून सुरू होते हे त्यांना इतक्या वेळा घोकवलेलं असतं, आणि बऱ्याच पट्ट्यांना शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते तिथूनही धरतात. दोन्हीकडे चूक आहे असं लगेच सांगू नका. एकच वस्तू तिला मोजू द्या, तुम्ही मोजा, उत्तरं वेगळी आली की का आली ते दोघींनी शोधा. हे नाही कळलं तर पट्टीला बाजूला ठेवून मागे जा, वितीवर आणि पावलांवर या. टेबल तिच्या वितीने मोजलं तर नऊ भरेल, तुमच्या वितीने पाच-सहा. कोण बरोबर? दोघी बरोबर आहात. मग तिला सांगा की दुसऱ्या खोलीत जाऊन पाच वीत लांब दोरी कापून आण, आणि तुम्ही पण तुमच्या वितीने पाच वीत कापा, मग दोन्ही दोऱ्या शेजारी धरा. सगळ्यांनी मान्य केलेली एकच वीत असायला हवी हे तिचं तिलाच सुचेल, नाही सुचलं तर महिन्याभराने परत करा. जगातली मोठी माणसं पण याच वाटेने गेली, मीटर ठरवून त्याची धातूची पट्टी पॅरिसमध्ये जपून ठेवली ती 1799 मध्ये, त्याआधी गावोगावची मापं वेगळी असायची आणि भांडणं व्हायची.

वितीने मोजताना ती दोन वितींमध्ये फट सोडते का, किंवा एकावर एक चढवते का, ते जरा बघा. लांबी मोजणं म्हणजे काय हे कळलंय की नाही ते इथे दिसतं, मिलिमीटरच्या पाढ्यात दिसत नाही. यावरून तुमच्या नात्यातल्या त्या मुलाचं. त्याला पाठ आहे, छान आहे, त्याचं कौतुक करा. पण एका सेंटीमीटरचे दहा मिलिमीटर हे पाठ असणं आणि दार अंदाजे किती सेंटीमीटर उंच असेल हे सांगता येणं यात बरंच अंतर आहे, आणि तुमची मुलगी जे 30, 31, 29 करत होती ते दुसऱ्या बाजूचं आहे. रूपांतरं शाळेत येतीलच, कोणाची सुटत नाहीत. एककं महत्त्वाची नाहीत असं नाही हं, 1999 मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान गमावलं ते एका गटाने बळाचा हिशोब पाउंडात आणि दुसऱ्याने न्यूटनमध्ये धरल्यामुळे, मोठमोठ्या इंजिनिअर लोकांकडून. पण तिथेही रूपांतर कोणाला येत नव्हतं असं नव्हतं, समोरचा कुठल्या मापात बोलतोय हे विचारायचं राहून गेलं. विचारायची सवय लावा, "तीस काय? तीस वीत, तीस चमचे, की तीस डिग्री?" हे गमतीतच विचारत राहा.

अंदाजाला घरात मानाची जागा द्या, हे माझं तुम्हाला सगळ्यात आग्रहाचं सांगणं. दोन रंगांचे पेन घ्या. एका रंगाने आधी अंदाज लिहायचा, प्रत्येकाचा, तुमचा पण, आणि मग जाऊन बघायचं आणि दुसऱ्या रंगाने खरं रीडिंग लिहायचं. आता तिने बसल्या जागी लिहिलेलं 30 खोटं राहत नाही, तो तिचा अंदाज झाला, आणि तो जुळतो का बघायला ती स्वतःहून पळत जाईल. बरोबर आला तर नाचेल. चुकला तर रबर मागेल, ते मात्र देऊ नका, अंदाज खोडायचे नसतात असा घरचा नियमच करून टाका. तुमचे स्वतःचे चुकलेले अंदाज तिला दिसले तर हा नियम तिला जड जाणार नाही.

थर्मामीटरचं रीडिंग घेताना डोळा त्या रेषेच्या बरोबर समोर हवा, वरून किंवा खालून बघितलं की आकडा सरकतो. म्हणून ते मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला लावा, तुमच्या नाही. सावलीत लावा, हे पुस्तकात लिहिलेलं असतंच, पण का ते तिलाच शोधू द्या: थोडा वेळ उन्हात, मग सावलीत, मग भिंतीला चिकटवून, मग जमिनीजवळ. चार जागा, चार आकडे. मग यातलं हवेचं खरं तापमान कुठलं? वेधशाळांनाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून ते थर्मामीटर झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत जमिनीपासून सव्वा मीटर किंवा थोडं वर ठेवतात, ऊन थेट पडत नाही आणि वारा खेळता राहतो. आणि एक गंमत तिला जरूर सांगा, सेल्सियस साहेबांनी 1742 मध्ये तापमानाची पट्टी केली तेव्हा उकळत्या पाण्याला 0 आणि बर्फाला 100 ठेवलं होतं, ती नंतर उलटी केली गेली. आकडे आकाशातून पडत नाहीत, माणसं ठरवतात आणि चुकलं किंवा गैरसोयीचं वाटलं तर बदलतात, हे लहान मुलांना ऐकायला फार आवडतं असं मी पाहिलंय.

वाऱ्यासाठी मला विचाराल तर साधनच नको. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने 1805 मध्ये वाऱ्याला 0 ते 12 नंबर दिले ते जहाजाच्या शिडांकडे बघून, पुढे त्यालाच जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या: धूर सरळ वर जातोय तर 0, चेहऱ्याला वारा लागतो आणि पानं सळसळतात तर 2, धूळ आणि कागद उडतात तर 4, मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरवत नाही तर 6. तुमच्या मुलांना त्यांच्या खिडकीतून जे दिसतं त्याची स्वतःची पट्टी करू द्या, दोरीवरचे कपडे किती हलतात यावर केली तरी चालेल. किटमधला बाण लावणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की त्याचं टोक वारा जिकडून येतोय तिकडे असतं, जिकडे जातोय तिकडे नाही. बाणाची शेपटी रुंद असते, वारा तिला मागे ढकलतो. शेजारी एक रिबन बांधा, ती बरोबर उलट्या दिशेला उडेल, मुलं गोंधळतील, मोठी माणसं पण गोंधळतात.

तक्त्यावरच्या त्या एका चित्राबद्दल माझी तक्रार आहे ती पण सांगून टाकते. सकाळी ऊन, दुपारी ढग, संध्याकाळी सर, आणि तक्ता म्हणतो आजचं एक चित्र निवडा. मग मूल जे समोर दिसेल ते चिकटवतं किंवा जे चित्र आवडतं ते. चिकटवायचंच असेल तर दिवसाच्या तीन जागा करा. आणि रोज, वर्षभर, असा अट्टहास नको. वेधशाळा रोज एका ठरलेल्या वेळी नोंद करतात कारण त्यांना वर्षानुवर्षांची तुलना करायची असते, तुमच्या घरात ती गरज नाही. हवा बदलायला लागली, पाऊस सुरू व्हायच्या बेतात आहे, थंडी पडायला लागली, अशा वेळी आठ-दहा दिवस मन लावून करा आणि मग खुशाल सोडून द्या.

नवऱ्याच्या फोनचं. तो चुकीचं बोलत नाहीये, पण फोनवरचा आकडा तुमच्या अंगणातला नसतो, तो मोठ्या भागाचा काढलेला असतो आणि त्यातला बराच भाग पुढे काय होईल याचा हिशोब असतो. "चार वाजता पाऊस" असं फोन म्हणतो आणि बाटली कोरडी राहते, याला फोन खोटा आहे असं म्हणायचं नाही, तो पण अंदाजच आहे. मग त्याचं नाव पण अंदाजाच्या यादीत घाला की! आई, ताई, दादा, बाबा, आणि फोन. बाबांना फोनचा आकडा वाचून दाखवायचं काम द्या, तेही खेळात येतील.

राहिलं तुमचं कच्चं सायन्स. मला वाटतं तुमचा खरा अडसर हाच आहे, किट नाही. मूल विचारेल आणि तुम्हाला येणार नाही, ठीक आहे, "मला माहीत नाही, कसं शोधायचं?" एवढं म्हणता आलं की झालं, आणि बऱ्याच वेळा खरंच शोधता येतं. समजा थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून थेंब आले आणि मुलगी म्हणाली ग्लास गळतोय. तुम्हाला खरं कारण माहीत असो नसो, तिला म्हणा, गळत असेल तर आतलं पाणीच बाहेर येत असणार, मग आत रंग टाकूया. लाल पाणी, बर्फ, थांबा. बाहेरचे थेंब पांढऱ्या कागदाने टिपा. लाल डाग पडतो का? नाही पडत. मग पाणी आलं कुठून? स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा असेल तर झाकण लावलेला थंड ग्लास त्यावर ठेवा, हवा दमट असेल तर आकडा ग्राम-दोन ग्राम हळूहळू वर सरकताना दिसतो. काहीच ओतलं नाही आणि वजन वाढतंय, आजूबाजूला हवेशिवाय काही नाही. हवेत न दिसणारं पाणी असतं हे वाक्य तुम्ही म्हणायचंच नाहीये, ती म्हणेल, किंवा अजून दोन वर्षांनी म्हणेल.

याउलट आपण मोठी माणसं आत्मविश्वासाने जी उत्तरं देतो ती कधी कधी साफ चुकीची असतात. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो म्हणून गरम होतं, हे कितीतरी घरांत सांगितलं जातं, पण पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. ऋतू होतात पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे, आणि हे सहा वर्षांच्या मुलीला समजेलच असं नाही, तिने आत्ता दुपारची सावली आणि संध्याकाळची सावली खडूने आखून मोजली तरी पुढे तेच कामाला येईल. ढग कापसाचे किंवा धुराचे असतात असं तिला वाटत असेल तर वाटू दे थोडे दिवस, फक्त तुम्ही स्वतःहून तसं सांगू नका.

जाता जाता दोन-तीन कामाच्या गोष्टी. अशा किटबरोबर कधी कधी बरणीच्या तोंडावर फुगा ताणून हवेचा दाब मोजायचं साधन करायला सांगतात, ते या वयात सोडून द्या, बरणीतली हवा खोली गरम झाली तरी फुगते त्यामुळे दाब बदलला की तापमान हे कळतच नाही आणि मुलांना जे सांगू ते बरोबर असेल याची खात्री राहत नाही. घरात जुनं पाऱ्याचं थर्मामीटर असेल तर ते या खेळात आणू नका, फुटलं तर पारा विषारी असतो, रंगीत द्रवाचं किंवा डिजिटल वापरा. आणि वीज चमकली की आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचा खेळ मोठीला नक्की शिकवा, दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास धावतो म्हणून. फक्त तो घरात बसून, खिडकीपासून लांब खेळायचा, आणि बाहेर असताना गडगडाट ऐकू आला तर मोजत थांबायचं नाही, आधी आत यायचं, ती बाटली बाहेर राहिली तर राहू दे.